रविवारचा रंधा

सालसा झालं, पॉटरी झाली, सिंहगड तर आता पाठच झालाय. मग या वीकएण्डला काय? बॉस, सुतारकाम! तेही ड्रिल, कटर, मशीनची घरघर यातलं काहीही नसलेलं. करवत, रंधा, पटाशी आणि तुमचे दोन हात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका शेडमध्ये गेले तीन महिने दर रविवारी मी हेच करतेय आणि जाम एन्जॉय करतेय.

आधीच सांगते, पहिल्या दिवशी टेबल-बिबल काही बनत नाही. पहिले दोन रविवार फक्त धार! पटाशी साधारण २५ अंशांत घासायची, टोकाला तीसेक अंशांची बारीक कड काढायची, मागची बाजू आरशासारखी सपाट करायची. मग पुन्हा घासायची. आमच्या बॅचमधले दोघे सॉफ्टवेअरवाले इथेच गळाले. पण धार हवीच. बोथट हत्यार जोर मागतं आणि जोर लावला की सटकतं, थेट बोटावर. त्यात साग असेल तर विचारूच नका. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच प्रकार. ती धार खाऊन टाकते.

मग रंधा. लाकडाच्या रेषांच्या दिशेने मारला की पातळ सुरळी सर्रकन वर येते, उलटा मारला की लाकूड ओरबाडतं. नऊ तास कीबोर्ड बडवणाऱ्यांनी तो आवाज एकदा तरी ऐकाच! मापाचा फंडाही वेगळा. इथे सूत चालतं, इंचाला आठ. ‘अर्धा सूत काढा’ म्हटलं की आपण गॅसवर.

लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून जुन्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवतात, चिकटवत नाहीत. आजीकडच्या दाराशी मी हल्ली उगाचच रेंगाळते.

शिकवणारे मिस्त्रीकाका साठीचे. त्यांचा मुलगाही फर्निचरच करतो, पण प्लाय, लॅमिनेट आणि मशीनवर. एकदा चहाच्या वेळी मी विचारलं, "काका, हाताने फर्निचर करणं बंद का केलंत?"

"ताई, हाताने रंधा मारायचे पैसे आता देतं कोण?" मग स्वतःच हसले, "म्हणजे, तुम्ही देता की!"

खरंय. साइटवरच्या रोजापेक्षा आमच्या फीमधून त्यांना जास्त सुटतं. जे काम करून घर चालेना, ते शिकवून चालतंय. हे मला जरा खुपलंच. हाताने घडवलेली खुर्ची तिच्या खऱ्या भावाला आपल्यातलं कोण घेईल, असं मी बॅचला विचारलं, तर सगळे एकदम आपापल्या फळीत बिझी!

शेवटी आम्ही चौघांनी मिळून काकांना एका सागवानी स्टुलाची ऑर्डर दिलीय. भाव त्यांनी अजून सांगितलेला नाही.