उंबरठ्याची कुंडी



आमच्या बुऱ्हाणपुरात 'कुंडी' म्हटलं की आधी कुंडी भंडारा आठवतो. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला. सातपुड्यातलं झिरपणारं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर शहरात आणणारा. माझी कुंडी मात्र गच्चीवरची, लाकडाची.

गेल्या वर्षी आमचं जुनं घर पाडलं. आईची बाग गेली. लाकूड भंगारवाला न्यायला आला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "चौकट सरपणात जायला नको." सागवानी चौकट आणि दाराच्या फळ्या मी ठेवून घेतल्या. उंबरठा तिने स्वतःच्या खाटेखाली सरकवला.

लॅपटॉपवर आराखडा केला: तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल. स्क्रू मारून दोन तासांत होईल म्हटलं. गल्लीतले सुतारकाका हसले. "ओल्या मातीत स्क्रू गंजतो, बाबू. कुसू काढ."

मग चार खांबांना पटाशीने आरपार भोकं पाडली आणि आडव्या पट्ट्यांना कुसवं काढली. दीड इंच जाडीच्या पट्टीला अर्ध्या इंचाचं कुसू, म्हणजे एक तृतीयांश. फळ्या खाचेत नुसत्या सरकवल्या, डिंक नाही. लाकूड पावसात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून फुगायला जागा ठेवायची. सांधा बांबूच्या खुंटीने आवळायचा. कुसवातलं भोक खांबातल्या भोकापेक्षा अर्धा सूत खांद्याकडे घ्यायचं, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा ओढला जातो.

मी ते उलट्या बाजूला घेतलं. प्लस-मायनसची चूक! खुंटी ठोकली, सांधा उघडला आणि कुसू फाटलं. कोडमध्ये अनडू असतं. तीन फुटी सागवानात नसतं. चौकटीचं लाकूड संपलेलं. नवं आणलं असतं, पण मग ती चौकट उरली नसती.

आई दारात उभी होती. काही न बोलता आत गेली, उंबरठा घेऊन आली. "घे. याच्यावरचं माप ओलांडून आले होते मी."

माझा हातच धजेना. काकांनी करवत हातात दिली, "कापणार तूच."

त्या दिवशी भोक तीनदा मोजलं. खुंटी ठोकली तसा सांधा मिटला.

करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी: तळाच्या फळ्यांमध्ये फटी ठेवा, पाणी निघून गेलं पाहिजे. पेटी विटांवर ठेवा, खाली वारा खेळू द्या. आणि एवढ्या पेटीत ओली माती शंभर किलोच्या वर भरते, तेव्हा गच्चीच्या मध्यावर नको, खालच्या भिंतीच्या रेषेवर ठेवा.

आईने त्यात मोगरा लावला. समोरची खालची पट्टी उंबरठ्याची आहे. रोज पाणी घालताना ती आधी तिच्यावरची माती पुसते.