सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून

चेन्नईत पॅरीज कॉर्नरवरून जाताना उच्च न्यायालयाची लाल घुमटांची इमारत तुम्ही पाहिली असेल. भारतातल्या प्रत्येक वकिलाला अभ्यासावा लागणारा एक खटला याच न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता.

आरोपी होते सुब्रह्मण्य अय्यर. दोन वर्षांत घडलेल्या तब्बल 41 कृत्यांसाठी त्यांच्यावर एकच खटला चालला. 1898च्या फौजदारी संहितेत मात्र स्पष्ट लिहिलं होतं की, एकाच प्रकारचे, बारा महिन्यांच्या आत घडलेले फक्त तीन गुन्हे एकत्र चालवता येतील. तरीही ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं. मद्रास उच्च न्यायालयाने काही आरोप वगळून उरलेल्यांवर शिक्षा टिकवायचा प्रयत्न केला. 1901 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती रद्दच केली. कारण साधं होतं. ज्यूरीने सगळे 41 आरोप ऐकले होते. त्यातले काही मागाहून वगळले, तरी ऐकलेलं मनातून कसं पुसणार?

खरी मेख इथेच आहे. एखाद्यावर एकदम वीस आरोप ठेवले की पुरावा पाहण्याआधीच आपण म्हणतो, ‘एवढं सगळं खोटं कसं असेल?’ म्हणून कायद्याचा मूळ नियम आहे: प्रत्येक वेगळ्या गुन्ह्याचा वेगळा दोषारोप आणि वेगळा खटला.

पण दुसरी बाजूही बघा. चोर घरात घुसला, वॉचमनला मारलं आणि दागिने नेले. यासाठी तीन खटले चालवले, तर त्या जखमी वॉचमनने तीनदा कोर्टात येऊन तेच सांगायचं का? म्हणून एकाच घटनेच्या ओघात घडलेले गुन्हे एकत्र चालवता येतात. त्या घटनेत सामील असलेल्या अनेक आरोपींचा खटलाही एकत्र चालू शकतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जुनी तीनची मर्यादा पाचवर नेली आहे. म्हणजे बारा महिन्यांच्या आत घडलेले एकाच प्रकारचे पाच गुन्हे एकत्र चालवता येतात, फसवलेली माणसं वेगवेगळी असली तरीही. शिवाय आरोपीने स्वतः लेखी अर्ज केला आणि त्याचं नुकसान होणार नाही असं मॅजिस्ट्रेटला वाटलं, तर वेगवेगळ्या गुन्ह्यांचे खटलेही एकत्र होऊ शकतात.

1901 नंतर मात्र एक मोठा बदल झाला. आता खटले चुकीने एकत्र चालले एवढ्यावरून शिक्षा रद्द होत नाही. त्यामुळे खरोखर अन्याय झाला का, हे न्यायालय पाहतं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केलं. एकत्र की वेगळे, हे ठरवताना दोन प्रश्न विचारायचे: आरोपीच्या बचावाला धक्का बसेल का? आणि खटला विनाकारण लांबेल का?

म्हणून तुमच्या ओळखीत कुणावर अशी वेळ आली, तर एक गोष्ट नक्की सांगा. हरकत असेल, तर दोषारोप ठरतानाच वकिलामार्फत घ्या. निकालानंतर ती घेतली, तर ‘आधी का बोलला नाहीत?’ हा प्रश्न कोर्ट विचारणारच.