घरांतील यंत्रें : मोटारीच्या टपाचा पंप

दुमडत्या टपाची मोटार आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या दारीं असेल, हें आम्ही जाणून आहों. तथापि या महिन्यांत तिच्याविषयींच लिहिण्याचें योजिलें आहे. कारण त्या निमित्तानें जें शिकावयास मिळालें, तें शिवणाच्या यंत्रापासून विहिरीवरील पंपापर्यंत घरांतील प्रत्येक यंत्रास लागू पडतें. शिवाय त्यांत आमची एक कबुली आहे, आणि ती दिल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं.

खामगांवच्या आमच्या घरीं आजोबांनीं जुनी म्हणून विकत घेतलेली १९५० च्या सुमाराची एक अमेरिकन मोटार आहे. बांधणी भक्कम, चाल शांत. आणि चालकासमोरील कळ दाबली कीं कापडी टप आपण होऊन मागें जाऊन दुमडतो. अशी सोय मोठ्या प्रमाणावर प्रथम आली ती १९३९ सालीं, प्लिमथ मोटारींत; ती इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चाले. पुढें विजेवर फिरणारा द्रवाचा पंप आला. १९५१ सालच्या जनरल मोटर्स कंपनीच्या 'ल सेबर' या प्रदर्शनी मोटारींत तर पावसाचे थेंब पडतांच टप आपोआप वर येई.

खामगांवकरांस या पंपाचें तत्त्व परकें वाटण्याचें कारण नाहीं. १८७० सालीं जलंबहून आपल्या गांवापर्यंत रेल्वेचा फांटा आला तो कापसासाठींच. आणि प्रेसमध्यें १७० किलो रुईची गासडी ज्या तत्त्वावर दाबून बांधितात, त्याच तत्त्वावर हा टप उठतो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोंचतो, हें सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच पंडितानें दाखविलें. आणि १७९५ सालीं ब्रामा या इंग्रज कारागिरानें त्यावरून दाबयंत्र करून त्याचें पेटंट घेतलें. मोटारींत मागील आसनाच्या पाठीशीं विजेची मोटर, तिला जोडलेला लहानसा पंप आणि द्रवाची टांकी असते. पंपापासून दोन नळ्या निघतात. प्रत्येकीस फांटा फुटून ती डाव्या व उजव्या नळकांड्यास मिळते. एकीचा द्रव दट्ट्याच्या खालीं जातो, दुसरीचा वर. मोटर एका दिशेनें फिरली कीं दट्टे वर सरकून टप उभारतात. उलट फिरली कीं टप दुमडतो.

आतां कबुली. दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत आमच्या थोरल्या काकूंनीं इच्छा बोलून दाखविली कीं, एकदां टप उघडून बोथ्याच्या घाटानें बुलढाण्यास जावें. लग्नानंतर त्या काकांसह प्रथम त्याच वाटेनें याच मोटारींतून गेल्या होत्या. निघण्याच्या दिवशीं सकाळीं टप अर्ध्यावरच थांबला. टांकींत द्रव कमी होता. काकू लुगडें बदलून पायरीवर येऊन बसल्या होत्या. घाईंत आम्हीं कपाटांतील गिअरबॉक्सचें तांबडें तेल टांकींत ओतलें. अशा पंपांत तें घालतात, असें कोठेंसें वाचलें होतें. परंतु तें नंतरच्या सालांतील मोटारींविषयीं होतें, हें पडताळून पाहिलें नाहीं. टप त्या दिवशीं उत्तम चालला, आणि आमचें कौतुकही झालें. पुढें थोड्याच दिवसांत डावा दट्ट्या अडकूं लागला, आसनाखालीं गळती दिसली, आणि टप कायमचा बसला. घरांत विचारणा झाली तेव्हां 'वयोमानानें झालें' असें आम्हीं सांगितलें. तें खरें नव्हतें.

यंदा फाल्गुनांत मोटार विकून टाकण्याची गोष्ट निघाली. पुण्याचे आमचे धाकटे बंधू म्हणाले, "जी नीट चालत नाहीं ती दारांत ठेवून जागा कां अडवावी?" म्हणणें वावगें नव्हतें. काकू एवढेंच बोलल्या, "वयोमानानें बिघडलेलें काढून टाकायचें असेल, तर आधीं माझा नंबर लावा." सर्वजण हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचें काम करणाऱ्या एका मिस्त्र्यास आम्हीं बोलावून आणलें. त्यानें प्रथम पंपास हातच लावला नाहीं. दट्ट्यांचे दांडे टपाच्या सांगाड्यापासून सोडवून त्यानें पुतण्याच्या मदतीनें टप हातानें उचलून पाहिला. तो सहज उठला. म्हणजे सांगाडा वांकलेला किंवा गंजलेला नव्हता. मग बॅटरी व तारा पाहिल्या. या काळच्या बहुतेक अमेरिकन मोटारी ६ व्होल्टच्या असतात. तारेची जोडणी मळली कीं मोटरीस पुरेसा जोर मिळत नाहीं, आणि जोर वाढावा म्हणून कोणी १२ व्होल्टची बॅटरी जोडली, तर मोटर जळण्याचा संभव असतो. तेथेंही दोष आढळला नाहीं. अखेरीस त्यानें टांकीचें बूच काढलें, बोट बुडवून वास घेतला आणि आमच्याकडे पाहिलें.

"काका, याच्यात तेल कोन्तं टाकलं व्हतं? मले खरं सांगजा, नाही तं नवे रबर बी असेच जातीन."

काकू पायरीवर होत्या, पुतणे भोंवतीं उभे होते. आम्हीं खरें तें सांगितलें.

दोषाचें मूळ असें. ब्रेक ऑइल हें नांवाचेंच ऑइल. तें खनिज तेल नव्हे. त्याच्यासाठीं केलेलीं रबरें खनिज तेलांत फुगून मऊ पडतात; उलट खनिज तेलासाठीं केलेलीं रबरें ब्रेक ऑइलमध्यें टिकत नाहींत. त्या काळच्या अनेक अमेरिकन मोटारींप्रमाणें आमच्याही पंपांत ब्रेक ऑइलच घालावयाचें होतें. पंप व दोन्ही नळकांडीं काढून, स्पिरिटनें धुवून, आंतील सर्व रबरें व रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. नुसता द्रव बदलून भागत नाहीं. फुगलेलें रबर पूर्ववत् होत नाहीं.

ज्यांच्याकडे असें यंत्र असेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. मोटर फिरते पण टप हलत नाहीं, तर द्रव कमी आहे किंवा नळ्यांत हवा शिरली आहे असें प्रथम समजावें. मोटरच फिरत नसेल तर बॅटरी, कळ व तारा पाहाव्या. द्रवाची पातळी, टप उभा असतां कीं दुमडला असतां पाहावयाची, हें मोटारीच्या पुस्तिकेंत असतें तसेंच करावें; कारण दट्ट्याचा दांडा आंत-बाहेर झाला कीं पातळी बदलते. नवा द्रव भरल्यावर टप अनेक वेळां वरखालीं करून हवा काढावी, आणि मधून मधून भर घालावी. नेहमींचें ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें व आंतून गंज चढवितें, म्हणून उघड्या राहिलेल्या डब्यांतील वापरूं नये. तें रंगावर सांडल्यास तत्काळ पाण्यानें धुवावें, कारण तें रंग खातें. सिलिकॉनचें मिळतें तें रंग खात नाहीं, पण दुसऱ्यांत मिसळूं नये. टप ओला असतां दुमडूं नये. कापडास बुरशी येते. कळ दाबण्यापूर्वीं पुढील कड्या सोडाव्या, मोटार उभी असावी, आणि मुलांचीं बोटें सांगाड्याच्या सांध्यांपासून दूर आहेत हें डोळ्यांनीं पाहावें.

अक्षय्य तृतीयेस आम्ही पुन्हां बोथ्याच्या घाटानें वर गेलों. काकू मागील आसनावर मधोमध बसल्या होत्या. घाटमाथ्यावर वारा लागला तेव्हां पदर कानांवरून घट्ट घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, त्या दिवशीं अर्धा तास थांबायला मी कां नाहीं म्हटलें असतें?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

मोटार ठेवावी कीं विकावी, याचा निर्णय दिवाळींत सर्वजण जमतील तेव्हां व्हावयाचा आहे. आमचें मत आम्हीं कळविलें आहे, आणि बंधूंना तेलाची हकीकतही लिहिली आहे. दरम्यान पंपाच्या झांकणावर एक पुठ्ठा चिकटविला आहे. त्यावर तीन रकाने आहेत : कोणता द्रव, कोणत्या तारखेस, आणि ओतणाराचें नांव. पहिल्या ओळींत दोन वर्षांपूर्वींच्या त्या तांबड्या तेलाची नोंद आहे. ती काकूंनीं आमच्याच अक्षरांत लिहवून घेतली.