पसंतीक्रम कुणाचा?

‘नीट’चा निकाल लागून राज्याची गुणवत्ता यादी आली, की मिठबाव काय, देवगड काय, कणकवली काय, डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या घरी एकच उद्योग सुरू होतो. गेल्या वर्षीचे कटऑफ काढायचे, सगळ्यांत चढा कटऑफ असलेलं कॉलेज पहिलं लिहायचं, त्याखालचं दुसरं, आणि अशी यादी उतरवून सीईटी सेलच्या पसंती अर्जात भरून टाकायची. वर केईएम, जे. जे., पुण्याचं बी. जे., सायन, नायर. आपल्या सिंधुदुर्गातल्या ओरोसचं सरकारी कॉलेज कुठेतरी खाली. एखादीने ओरोस वर घ्यायचं मनात आणलं, तर मुंबईहून काकांचा फोन ठरलेला: ‘‘चेडवा, केईएम गावता हा, तर ओरोस कित्याक?’’

काकांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यामागे पोकळ मिजास नाही. केईएम परळला, म्हणजे गिरणगावच्या काळजात. मालवण-देवगडातून गिरणीत गेलेल्या चाकरमान्यांच्या दोन-तीन पिढ्यांची बाळंतपणं, अपघात, क्षय, शेवटचे श्वास तिथेच झाले. त्या इमारतीबद्दलचा आदर त्यांनी वर्तमानपत्रातून उचललेला नाही. शिवाय त्यांच्या बाजूला मुद्देही आहेत. अठराशेच्या आसपास खाटा, पुस्तकात एका ओळीत उरकलेले आजार खाटेवर प्रत्यक्ष दिसतात, सुपरस्पेशालिटीचे विभाग एका आवारात, भोवती हुशार मुलं, आणि पुढे जन्मभर नावापुढे लागणारं कॉलेज. जो हे सगळं सहज सोडतो त्याने कारण द्यायला हवं, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच की जो हे सहज धरतो त्यानेही कारण द्यायला हवं.

कटऑफपासूनच सुरुवात करू. तो कॉलेजची गुणवत्ता सांगतो, असं आपण धरून चालतो. पण कटऑफ ठरतो कशाने? वरच्या क्रमांकाच्या मुलांनी ते कॉलेज आधी लिहिलं, म्हणून त्याच्या जागा आधी संपल्या. त्यांनी ते आधी का लिहिलं? त्याच्या आदल्या वर्षी कटऑफ चढा होता म्हणून. म्हणजे गेल्या वर्षीच्या रांगेकडे बघून यंदाची रांग लागते आणि यंदाची पाहून पुढची. आत आलेल्या मुलाचे गुण त्यातून कळतात. आत गेल्यावर त्याला कोण, काय आणि किती शिकवतं, याचा त्यात पत्ता नसतो. देवगडच्या बागायतदाराला हे वेगळं समजवायला नको. बाहेरचा आंबा ‘देवगड हापूस’ छापलेल्या पेटीतून विकला जातो, म्हणून 2025 साली इथल्या आंबा उत्पादक संस्थेला फळाफळावर स्वतंत्र कोडाचं स्टिकर लावायची वेळ आली. पेटीवरच्या नावाचा भरवसा न धरणारा हाच माणूस पोरीच्या साडेपाच वर्षांचा सौदा मात्र नावावर करून मोकळा होतो.

दुसरा मुद्दा पुढच्या वाटेचा. ‘‘मोठ्या कॉलेजातून गेलं की पी.जी. सोपं जातं.’’ राज्यातली सरकारी आणि महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालयं 1998 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. परळच्या आणि ओरोसच्या मुलाला विद्यापीठाची प्रश्नपत्रिका तीच, पदवी तीच. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट-पीजी’ही सगळ्यांना एकच, आणि ती तपासणारा संगणक कॉलेजचं नाव विचारत नाही. भोवतीच्या अभ्यासू मुलांमुळे फायदा होतो, हे खरं. पण तो सोबतीचा फायदा, आणि सोबतीच्या चढाओढीत काही मुलं चढतात तशी काही खचतातही. आपली मुलगी कुठल्या जातकुळीची, हे कटऑफच्या यादीत सापडत नाही. ते घरच्यांना माहीत असतं, निदान असायला हवं.

तिसरा मुद्दा सगळ्यांत वजनदार: रुग्ण. मोठ्या रुग्णालयात रुग्ण अफाट, यात वाद नाही. पण एका खाटेभोवती उभं कोण असतं? प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, निवासी डॉक्टरांच्या तीन वर्षांच्या तुकड्या, इंटर्न, आणि त्यांच्या खांद्यांवरून मान उंचावणारा एमबीबीएसचा विद्यार्थी. रुग्ण दिसणं आणि रुग्णाच्या पोटावर स्वतःचा हात ठेवणं यांत फार अंतर आहे. ओरोससारख्या 100 जागांच्या कॉलेजात ते कमी असू शकतं. ‘असू शकतं’ असंच म्हणतो, कारण ते तिथे जाऊन पाहायचं असतं.

आणि रुग्ण म्हणजे फक्त दुर्मिळ रुग्ण असतात काय? सड्यावर फुरसं चावलेला गडी, भातलावणीनंतर लेप्टो होऊन तापलेला शेतकरी, 2016पासून दोडामार्ग-सावंतवाडीकडे दिसणारा माकडताप, हे आमच्या जिल्ह्याचे आजार. इथल्या वॉर्डात शिकणाऱ्याला ते पावसाळ्याबरोबर भेटतात. कोकणातल्या छोट्या जागेतून मोठं वैद्यक निघत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉ. हिंमतराव बावसकरांचं काम आठवावं. 1970च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाने माणसं पटापट मरताना त्यांनी पाहिली, खाटेशेजारी रात्री काढून टिपणं ठेवली, पुण्याला एम.डी. करून पुन्हा त्याच भागात आले आणि प्राझोसिनचा उपचार रूढ केला. ते काम ‘लॅन्सेट’ने छापलं. कुणी म्हणेल, ते नागपूरच्या जुन्या नावाजलेल्या सरकारी कॉलेजातून शिकले होते. होय. पण विंचू नागपूरच्या नावाने उतरला नाही. बिरवाडीच्या रुग्णांपाशी बसल्याने उतरला. कॉलेजने पाया दिला, प्रश्न जागेने दिला.

नावाची आणखी एक गंमत काकांनी ऐकावी. 1926 साली केईएम आणि त्याचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा मुंबईत नाव होतं ते 1845च्या ग्रँट मेडिकलचं. परळचं कॉलेज नवखं होतं, आणि देणगीदारांची अटच होती की शिकवणारे भारतीय असावेत, सरकारी नोकरीतले नसावेत. नायरचं कॉलेज तर 1921 साली असहकाराच्या लाटेत उभं राहिलेलं. पुढे त्याला टोपीवाला हे नाव मिळालं ते मालवणच्या हायस्कूलला ज्या देसाई घराण्याचं नाव आहे त्याच घराण्याच्या देणगीमुळे. तेव्हाच्या मुलांनी चढा कटऑफ पाहून रांग लावली असती, तर आज ज्यांच्या नावाची शपथ घेतो ती दोन्ही नावं जन्मालाच आली नसती.

इतकं वाचून ‘‘म्हणजे घराजवळचं ओरोस घ्या’’ असा अर्थ कुणी काढील, तर त्यालाही माझा तेवढाच विरोध आहे. 2021-22मध्ये पहिली तुकडी आलेलं कॉलेज अजून घडतं आहे. नव्या सरकारी कॉलेजांत अध्यापकांच्या जागा भरणं राज्यभर अवघड जातं. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण अजूनही गोव्याला बांबोळीला किंवा कोल्हापूरला निघतो, आणि तो रुग्णवाहिकेत चढला की विद्यार्थ्याचा धडाही तिथेच तुटतो. ‘शनिवारी घरी येता येईल’ हे एकच कारण असेल, तर ते साडेपाच वर्षांना पुरणारं नाही. आणि ‘‘मुलगी डोळ्यांसमोर राहील’’ हे कारण तर मुलीचं नव्हेच, ते पालकांच्या धास्तीचं आहे. त्याला मानवणाऱ्या निवडीचं नाव देऊ नये.

मानवणारं कॉलेज म्हणजे काय, हे नेमकं सांगता आलं पाहिजे. माझ्या मते चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, भाषा. अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के जागांतून मद्रास मेडिकल कॉलेजसारखं 1835चं नाव हाती लागू शकतं. पण तिथला रुग्ण पोटात नेमकं कुठे दुखतं ते तमिळमध्ये सांगतो. वैद्यकात निदानाचा अर्धा भाग रुग्णाच्या बोलण्यात असतो. नवी भाषा मनापासून शिकण्याची तयारी असेल तर खुशाल जावं. नसेल तर नाव वाया गेलं.

दुसरी, कर्ज. सरकारीत नाही मिळालं तर खासगी किंवा अभिमत विद्यापीठाची चकचकीत इमारत खुणावते आणि दर वर्षाच्या फीसाठी कलमांची बाग गहाण पडते. डोक्यावर कर्ज असलेला डॉक्टर पुढे काय करणार, कुठे बसणार, हे तो ठरवत नाही, हप्ता ठरवतो.

तिसरी, कामाचा रोख. मेंदूची शस्त्रक्रिया किंवा संशोधन करायचं ज्या मुलीने खरोखर मनाशी धरलंय, तिने केईएम पहिलं लिहावं. तिच्यासाठी तेच मानवणारं आहे. ज्याला तालुक्याच्या गावी सगळ्या प्रकारचे रुग्ण तपासायचे आहेत, त्याने सेवाग्रामचा विचार करावा. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली काढलेल्या त्या महाविद्यालयात नवी मुलं सुरुवातीला गांधीजींच्या आश्रमात राहतात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. आवारात खादी आणि शाकाहार चालतो, तेव्हा बांगड्याशिवाय घास न उतरणाऱ्या मालवणी पोराने स्वतःला आधी विचारून घ्यावं!

चौथी, वॉर्डातला हात. यासाठी कटऑफ बंद करून तिथल्या इंटर्नना गाठावं. टाके स्वतः किती घातलेस, बाळंतपणात किती वेळा पुढे होतास, चुकल्यावर शेजारी शिकवणारं कुणी होतं का, होस्टेलची खोली कधी मिळाली, एवढं विचारावं. कारण पदवीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा परळच्या मुलालाही आहे आणि ओरोसच्याही. मिठबावसारख्या आरोग्य केंद्रात रात्री फुरसं चावलेला रुग्ण आला तर कॉलेजचं नाव ऐकून त्याचं रक्त गोठणार नाही. तिथे बसलेल्या डॉक्टरला प्रतिविष कधी, किती आणि कसं द्यायचं हे यावं लागेल.

2020 साली राज्याचा 70:30चा प्रादेशिक कोटा गेला. आता मिठबावच्या मुलीला नागपूरही तितकंच खुलं आहे आणि नागपूरच्या मुलाला ओरोस. सीईटी सेलचा संगणक तिची यादी वरून खाली बघतो आणि गुणांना बसेल ती पहिली जागा देतो. खरी आवड वर लिहिल्याने खालची जागा बुडत नाही, म्हणून कटऑफच्या क्रमाने यादी लावण्यात चतुराईही नाही. तेव्हा अर्ज मुलीने स्वतः भरावा, आणि पहिल्या तीन कॉलेजांसमोर एकेक कारण स्वतःच्या अक्षरात लिहून काकांना दाखवावं. ‘नाव मोठं आहे’ हे कारण चालेल. फक्त ते एकटं चालणार नाही.