विश्लेषण : वरच्या प्रकल्पाचे पाणी खालच्या सोसायटीत… जबाबदारी कोणाची?

पुण्यात जोरदार पाऊस झाला, की टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या सोसायट्यांमध्ये एक वाद हमखास उद्भवतो. वरच्या प्रकल्पाचे पाणी खालच्या पार्किंगमध्ये शिरते. खालचे रहिवासी भिंत घालतात आणि पाणी तिसऱ्याच्याच घरात जाते. अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने असतो?

२०१९ मध्ये काय घडले होते?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरातील मुसळधार पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून काही जण दगावले. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक बळी गेले. ओढ्याकाठच्या अनेक सोसायट्यांच्या सीमाभिंती वाहून गेल्या. खासगी जागेतील या भिंती सार्वजनिक पैशांतून बांधायच्या का, हा वाद पुढे कित्येक वर्षे रेंगाळला.

बांधकामानंतर पाणी का वाढते?

एक एकर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. मोकळ्या मातीच्या जागेतून ढोबळमानाने त्यातील ३० टक्के वाहून जाते, बाकीचे मुरते. तीच जागा काँक्रीटने झाकली, की ९० टक्के वाहते. म्हणजे १० हजार लिटरच्या सहा टँकरऐवजी १८ टँकर पाणी, तेही कमी वेळात. खालची पावसाळी वाहिनी मात्र तेवढीच राहते.

सुविधाधिकार म्हणजे काय?

शेजारच्या जमिनीतून वाट, पाणी किंवा वाहिनी नेण्याचा हा हक्क. बोलीभाषेत वहिवाटीचा हक्क. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक उताराने खाली येत असेल, तर खालच्या मालकाने ते येऊ द्यावे लागते. पण हे नैसर्गिक प्रवाहापुरतेच. छपरांचे आणि पार्किंगचे पाणी एका पाइपमध्ये गोळा करून शेजाऱ्याच्या हद्दीत सोडण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

वाहिनी २० वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि विनाखंड वापरात असेल, तर वहिवाटीने हक्क सिद्ध करता येतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत ३० वर्षे आहे. नव्या प्रकल्पाकडे एवढा काळ नसतो. त्यामुळे नोंदणीकृत करार हाच भरवशाचा मार्ग. नुसती तोंडी परवानगी असेल आणि शेजारची जमीन विकली गेली, तर नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो.

विकसकावर कोणती बंधने आहेत?

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ओढ्या-नाल्यापासून ठरावीक अंतर सोडावे लागते. प्रवाह वळवायचा किंवा बांधून काढायचा, तर त्याची दिशा आणि रुंदी प्राधिकरण ठरवते. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार, कोणाची खासगी मालकी नसलेली ओढ्या-नाल्यांची पात्रे सरकारी मालमत्ता आहेत.

दाद कुठे मागायची?

नाल्यात भराव किंवा अतिक्रमण असेल, तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार करावी. फोटो आणि तारखा जोडाव्यात. शेतजमिनीतील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये सहा महिन्यांत तहसीलदारांकडे जाता येते. २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांतील शेतकऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. निवासी सोसायट्यांना मात्र शेजाऱ्याविरुद्ध दिवाणी न्यायालयातच जावे लागते. पावसाळी वाहिनी सदोष असेल, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत रेरा कायद्यानुसार विकसकाकडून ती दुरुस्त करून घेता येते.

घर घेताना काय तपासावे?

मंजूर आराखड्यातील नाला गाव नकाशाशी ताडून पाहा. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' रकाना वाचा. प्रकल्पाचे पाणी शेवटी कुठे सोडले आहे, ते विचारा. शेजारच्या प्लॉटमधून जात असेल, तर नोंदणीकृत करार मागा. सोसायटी स्थापन होऊन विकसक बाहेर पडल्यावर हा कागद मिळवणे अवघड होते आणि वाहिनीचा खर्च सभासदांच्या माथी येतो.