सरासरी पगाराचा नकाशा, वाशिमचा रोज आणि अडीच हजारांचा एक कर

१/
देशाच्या ‘सरासरी पगारा’चे रंगीत नकाशे समाजमाध्यमांवर वारंवार फिरतात. मुंबई-पुणे गडद, वाशिम फिकट. खालचे निष्कर्षही ठरलेले: तिकडे कौशल्य कमी, तिकडे स्वस्ताई, म्हणून तिकडे पगार कमी. हा निष्कर्ष इतिहासाकडे पाठ फिरवून काढलेला आहे. त्याला उत्तर देणारा पुरावा मुंबई-पुण्याच्या पगाराच्या स्लिपवरच दर महिन्याला छापला जातो.

२/
आधी ‘सरासरी’चे गणित. नऊ जणांना दरमहा ९,००० रुपये आणि दहाव्याला १,१९,००० रुपये मिळाले, तर सरासरी २०,००० येते. या दहांपैकी एकालाही २०,००० मिळत नाहीत. आकडा खरा असतो, पण त्यात माणूस सापडत नाही.

३/
शिवाय ‘पगार’ हा शब्दच सर्वांच्या वाट्याला आलेला नाही. पोर्तुगिजांकडून मराठीत आलेला हा शब्द महिन्याच्या हमीचा आहे. वाशिमच्या शिवारात चालतो तो फारसीतून आलेला ‘रोज’: काम केले त्या दिवसाचा मोबदला. कापसाची वेचणी किलोवर, सालदाराचा करार वर्षावर. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात पाचांपैकी चार जण खेड्यात राहतात. पगाराच्या नकाशात त्यांची नोंद कोणत्या रकान्यात होणार?

४/
‘हा भाग पूर्वीपासूनच मागास’ हेही खरे नाही. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस थांबला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या कापसाकडे वळली. २०१८ साली हाच जिल्हा केंद्राच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत आला. मधल्या काळात काय घडले, हा इतिहासाचा प्रश्न आहे, कौशल्याचा नव्हे.

५/
सरासरी हे एके काळी सत्तेला जाब विचारण्याचे साधन होते. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली भारतीयाचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये मांडले आणि तुरुंगातील कैद्याच्या खर्चाशी त्याची तुलना केली. गांधीजींनी मार्च १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिले, की त्यांचा पगार दरमहा २१,००० रुपये आहे आणि सामान्य भारतीयाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. म्हणजे तफावत पाच हजार पटींहून जास्त.

६/
दोघांनीही सरासरी एकटी मांडली नाही. तिच्यासमोर दुसरा आकडा ठेवला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने सरकारी नोकराचा कमाल पगार साधारणतः दरमहा ५०० रुपयांच्या वर नसावा, असे म्हटले. गरिबाला किती मिळते याबरोबरच वरच्याला किती मिळावे, हेही त्या पिढीने विचारले. आजचे नकाशे हा दुसरा प्रश्न गाळतात.

७/
आता मजुरीकडे. १८७७ च्या दख्खनच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरील पुरुषाचा रोज १ पौंड धान्याची किंमत आणि वर १ आणा इतका खाली आणला. स्त्रीला त्याहूनही कमी. जानेवारीत मजुरांनी या दराने काम करण्यास नकार दिला आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. प्राण टिकवण्यापुरता दाणा म्हणजे मजुरी, हे त्या दरामागचे तत्त्व होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडही होरपळले, तेव्हा मोबदल्याची हीच धान्यात मोजणारी चौकट कायम होती.

८/
ती चौकट महाराष्ट्राने मोडली. १९७२-७३ च्या दुष्काळात मुख्यमंत्री होते वाशिमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. दुष्काळी कामांवर एका टप्प्यावर सुमारे ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांनी १९६५ पासून तासगाव तालुक्यात आजमावलेली कल्पना या काळात राज्यभर पसरली. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणे हा हक्क ठरला, आणि स्त्री-पुरुषांना कामाचा दर एकच.

९/
शेतमजुरीत बाईच्या निंदणाचा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा कमी धरण्याची रीत जुनी. अशा समाजात खडी फोडणाऱ्या बाईला पुरुषाइतकाच दर कायद्याने देणे ही लहान गोष्ट नव्हती.

१०/
पण पैसा कुठून आला? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला, तो रोजगार हमीसाठी. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या कमाईतील थोडा वाटा खेड्यातील मजुराच्या रोजाकडे वळला. पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणून कापले जाणारे २०० रुपये ते हेच. महिन्याचा पगार आणि दिवसाचा रोज यांना कायद्याने बांधणारा हा धागा होता.

११/
हा धागा कसा झिजला, ते पाहण्यासारखे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये या कराची वार्षिक कमाल मर्यादा मुळात २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. त्यानंतर तीन तपे उलटली. मर्यादा तिथेच आहे.

१२/
त्याच काळात राज्याच्या मुख्य सचिवांचे मूळ वेतन चौथ्या वेतन आयोगातील ८,००० वरून सातव्या आयोगात २,२५,००० झाले. तेव्हाच्या वेतनावर २,५०० ची मर्यादा म्हणजे शेकडा अडीच रुपयांहून जास्त. आता शेकडा नऊ पैसे. वेतन आयोग ठरावीक काळाने बसतात, महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. मजुराच्या वाट्याची मर्यादा मात्र गोठलेली.

१३/
आणि जो कर उरला, तोही उफराटा. दरमहा ११,००० मिळवणारा पुरुष वर्षाला २,५०० भरतो. दरमहा ११ लाख मिळवणाराही २,५०० च भरतो. २०२३ पासून दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना माफी मिळाली, हे योग्यच. पण वरच्या टोकाला कुणी हात लावला नाही.

१४/
दुसरे टोक: २०२४-२५ साली महाराष्ट्रात ‘मनरेगा’चा रोज २९७ रुपये होता. पूर्ण १०० दिवस काम मिळाले, तर वर्षाचे २९,७००. केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दोन महिन्यांतच याच्या पुढे जाते: १८,००० गुणिले दोन, ३६,०००.

१५/
‘बाजार ठरवतो तो पगार’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. टेंपलचा दर बाजाराने ठरवला नव्हता, रोहयोचा दर नाही, मुख्य सचिवांचे वेतन नाही आणि २,५०० ची मर्यादा तर मुळीच नाही. या चारही आकड्यांखाली सरकारची सही आहे. ‘स्वस्ताई’चेही तेच: खत, डिझेल, मुलाचे कॉलेज आणि अकोल्या-नागपूरचा दवाखाना वाशिमच्या मजुराला सवलतीत मिळत नाही.

१६/
म्हणून पगाराचा नकाशा पुढच्या वेळी समोर आला, की त्याच्याशेजारी स्वतःची किंवा घरातल्यांची पगाराची स्लिप ठेवावी आणि ‘पी.टी.’ची ओळ वाचावी. ती १९७२ च्या दुष्काळातून आलेली ओळ आहे. पगारदाराचे मजुराशी देणे लागते, हे या राज्याने एकदा कायद्यात लिहिले होते. अनुच्छेद २७६ मधील आकडा बदलायला पुन्हा एक घटनादुरुस्ती लागेल. ती यापूर्वी एकदा झाली आहे.