पदवीधरांचें ‘रुळणें’

पदवीदानाच्या दिवसांत आमच्याकडे एक उपदेश न चुकतां ऐकूं येतो, आणि तो करण्यांत कारखानदार, अधिकारी व कांहीं प्राध्यापक यांचें अगदीं एकमत असतें. आजच्या पदवीधराला कष्टांची संवय नाहीं. कॉलेजांत तो सुखावलेला आहे. दिवसभराच्या नोकरींत रुळावयाचें तर त्यानें आधीं अंग मोडून काम करण्यास शिकावें, असा त्याचा मथितार्थ. मोठ्या शहरांची गोष्ट काय असेल ती असो; अहिल्यानगर जिल्ह्यांत (जुन्या संवयीनें आम्ही नगरच म्हणतों) हा उपदेश ऐकून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं.

येथील कॉलेजांच्या बांकांवर कोण बसतें, हें उपदेशकांनीं एकदां पाहावें. पाथर्डी-शेवगांवकडील कित्येक मुलांचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. अकोल्याच्या डोंगरांतला मुलगा भाताच्या आवणीचा चिखल धुऊन वर्गांत येतो. पारनेरकडच्या मुलींचे हात कांदाकाढणीनें राठ झालेले असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेचीं कॉलेजें या जिल्ह्यांत आहेत. ‘कमवा आणि शिका’ ही तर तिची ओळखच. अशा मुलांना घाम म्हणजे काय हें वातानुकूलित खोलींत बसणारानें शिकवावें!

मग अडतें तें कोठें? शेतांतल्या कष्टांना शेवट आहे. खळ्यावर रास पडली म्हणजे ती डोळ्यांना दिसते. कॉलेजच्या वर्षालाही सत्र आहे, परीक्षा आहे, निकाल आहे, सुटी आहे. ज्याचें सारें वय असें टप्प्याटप्प्यानें गेलें, तो एकाएकीं अशा जागीं येतो कीं जेथें उद्यांचा दिवस आजच्यासारखाच. निकाल कधींच लागत नाहीं, आणि आपलें काम बरें झालें कीं वाईट हें सांगावयाला कोणी मोकळा नाहीं. तो गोंधळतो. या गोंधळाला आम्ही आळस म्हणतों. वस्तुतः तो दूर करण्याचें काम वरिष्ठाचें. सुताराच्या हाताखालीं पोर राहिलें तर रंधा कसा धरावा तें तो दाखवितो. लांकूड फुकट गेलें तर चार शिव्या देतो, पण पुन्हां दाखवितो. आमच्या कचेऱ्यांना तेवढीही फुरसत नाहीं. त्यांना पहिल्या तारखेलाच तयार माणूस हवा, आणि पगार मात्र शिकाऊ माणसाचा!

सरकारचीही तऱ्हा निराळी नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली : पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, आणि सहा महिने काम. सहा महिन्यांत एखाद्या ग्रामपंचायतीच्या दप्तरांत काय कोठें असतें तें मुलाला कोठें उमगूं लागतें, तोंच मुदत संपते. ओरड झाली तेव्हां २०२५ मध्यें ती अकरा महिन्यांची झाली. म्हणजे त्यानें रुळावें, आणि आम्ही रूळच उखडून न्यावे!

तासांचा हिशेब तर विलक्षणच. १९४८ च्या कारखाना-कायद्यानें प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. ऑक्टोबर २०२३ मध्यें इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ति यांनीं तरुणांना ७० तास सुचविले; जानेवारी २०२५ मध्यें लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तास गाजले. सातही दिवस राबलें तरी रोजचे जवळजवळ तेरा तास. सुपे किंवा नागापूर येथील कारखान्यांत एस. टी. नें येणाऱ्या मुलानें मग झोपावें केव्हां?

कांहीं मुलें पंधरा दिवसांत नोकरी सोडून घरीं येतात, हें खरें. घरचे लोक कपाळाला हात लावतात. कारण आमच्याकडे मुलगा नोकरीला ‘लागत’ नाहीं, ‘चिकटतो’, आणि चिकटलेली वस्तु सुटली कीं अपशकुन. पण त्या पंधरा दिवसांत तुला काम कोणीं शिकविलें, असा प्रश्न त्याला कितीजण विचारतात? पदवीदानाच्या व्यासपीठावर यापुढें जे कोणी कारखानदार येतील, त्यांनीं एवढेंच सांगावें कीं नव्या माणसाला पहिले तीन महिने कोणाच्या हाताखालीं ठेवतां, दर शनिवारीं त्याचें काम कोण पाहतो, आणि त्या पाहणाऱ्याला त्यासाठीं आपल्या कामांतून किती वेळ मोकळा करून देतां.